खलंगा की कलुंगा?

डेहराडूनमधून सहस्रधारा रस्त्यानं निघालं, की रिस्पना नदीच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे दोन छोटे स्तंभ लागतात. उंची सारखी, घडण सारखी. एक स्तंभ १८१४ मध्ये इथल्या लढाईत पडलेला इंग्रज सेनापती मेजर जनरल रोलो गिलेस्पी आणि त्याच्या माणसांचा आहे. दुसरा त्यांच्याशी लढलेल्या गोरखा किल्लेदाराचा, बलभद्र कुंवर याचा. जिंकणाऱ्यानं आपल्या मृतांशेजारी शत्रूलाही तेवढीच जागा द्यावी, असं क्वचित घडतं. इंग्रज-नेपाळ युद्धाबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या स्तंभांपाशी थांबतो आणि दोन्ही बाजूंना न्याय मिळाल्याचं समाधान घेऊन पुढे जातो.

पण मजकूर नीट वाचला, तर तो इंग्रजांचा आहे हे ध्यानात येतं. बलभद्रच्या शौर्याची स्तुती इंग्रजांच्या शब्दांत आहे, आणि पुढे रणजितसिंहांच्या चाकरीत अफगाणांशी लढताना त्याच्या माणसांचा अंत झाला, हेही त्यांनीच कोरून ठेवलं आहे. किल्ल्याचं नावसुद्धा तसंच. इंग्रजी कागदांत तो ‘कलुंगा’ किंवा ‘कलंगा’ आहे. नेपाळीत ‘खलंगा’ म्हणजे फौजेचा तळ, छावणी. जुमल्याचा खलंगा, सल्यानचा खलंगा अशी ठिकाणं आजही नेपाळात आहेत. नालापाणीच्या टेकडीवर गोरख्यांचा तळ होता, म्हणून तो खलंगा. इंग्रजांनी ते त्या किल्ल्याचं नाव समजून नकाशावर चढवलं. शत्रूचा साधा शब्दही न कळता त्याच्या पराक्रमाचं स्मारक उभं राहिलं. या युद्धाचा इतिहास लिहिताना काय काय निसटत गेलं, ते इथूनच दिसू लागतं.

युद्ध कधी सुरू झालं? इंग्रजी ग्रंथांत याचं उत्तर ठरलेलं असतं. २९ मे १८१४ रोजी गोरख्यांनी बुटवलच्या तराईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पोलीस ठाण्यांवर हल्ला केला आणि अठरा शिपाई मारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइरा यानं १ नोव्हेंबरला युद्ध पुकारलं. हल्ला आधी आणि उत्तर नंतर, असा हा सरळ क्रम.

गोष्ट दोन महिने आधीपासून सांगितली, तर ती बदलते. मोइरानं काठमांडूला पंचवीस दिवसांची मुदत दिली होती. ती संपल्यावर एप्रिलमध्ये कंपनीची फौज वादातल्या मुलखात शिरली आणि तो ताब्यात घेतला. पावसाळ्याआधी तराईतला जीवघेणा ताप टाळायला फौज मागे फिरली आणि मागे फक्त ठाणी राहिली. गोरख्यांनी हल्ला केला तो याच ठाण्यांवर. काठमांडूच्या दृष्टीनं ते हिसकावलेली जमीन परत घेत होते. शिपायांचं मरण त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण वाचकाला मेपासून गोष्ट सांगायची आणि एप्रिल गाळायचा, हा निकाल आधीच देऊन टाकण्याचा प्रकार आहे.

आणखी मागे गेलं, की खरा गुंता हाती लागतो. बुटवलचा सखल पट्टा पाल्पाचे राजे अवधच्या नवाबाकडून कसायला घेत आणि त्याचा सारा भरत. डोंगरात ते स्वतंत्र राजे होते आणि पायथ्याशी नवाबाचे जमीनदार. कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण हिमालयाच्या पायथ्याला राज्य म्हणजे हक्कांची वीण असे: सारा कुणाचा, जंगल कुणाचं, चराई कुणाची. एकाच गावावर तिघांचे तीन हक्क सुखानं नांदत. १८०१ मध्ये नवाबानं गोरखपूरसकट मोठा मुलूख कंपनीला दिला. गोरख्यांनी पाल्पा गिळलं. आता कंपनी म्हणू लागली, की बुटवल नवाबाचं होतं, म्हणून ते आमचं. गोरखे म्हणू लागले, की पाल्पाचे हक्क आमच्याकडे आले, तेव्हा पाल्पाचा राजा भरायचा तो सारा आम्ही भरू. कंपनीनं हे नाकारलं. तिला साऱ्याबरोबर रेषाही हवी होती.

अमेरिकेत अध्यापन करणारे इतिहासकार बर्नार्डो मायकेल यांनी २०१२ मध्ये या युद्धावर पुस्तक लिहिलं. त्यांचा भर इथेच आहे: दोन सत्ता एका रेषेवरून भांडत होत्या असं नाही, ‘मुलूख’ म्हणजे काय याचीच दोघांची कल्पना वेगळी होती. मला हे या विषयावरचं सर्वांत मोलाचं म्हणणं वाटतं. ‘अतिक्रमण’ हा शब्द वापरला, की रेषा होती हे आपण मान्य करून बसतो, आणि ती रेषा तर युद्धानंतर आखली गेली.

याचा अर्थ काठमांडूचा दरबार निरपराध होता असा नाही. पृथ्वीनारायण शाहांनी १७६८-६९ मध्ये काठमांडूचं खोरं जिंकलं, तेव्हापासून गोरखा राज्य थांबलंच नव्हतं. १७९० मध्ये अल्मोडा घेतलं, १८०४ मध्ये गढवाल. त्याच वर्षी गढवालचा राजा प्रद्युम्न शाह डेहराडूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत मारला गेला. पुढे सतलजपलीकडे जाऊन कांगड्याला वेढा घातला, तो १८०९ मध्ये रणजितसिंहांनी उठवला. लुडविग स्टिलर या जेझुइट इतिहासकारानं आयुष्य नेपाळात घालवलं आणि नेपाळी कागदांतून या विस्ताराचं इंगित उलगडलं. सैनिकाला वेतन जमिनीच्या रूपानं मिळे. फौज वाढली की जमीन हवी, जमिनीसाठी फौज हवी. डोंगर संपले, तेव्हा उरली ती तराई. नेपाळी इतिहासकार महेशचंद्र रेग्मी यांनी सारा आणि जमिनीचे दस्त वर्षानुवर्षं भाषांतरून छापले. त्यांतही राज्याची हीच भूक दिसते. दरबाराचं लक्ष देवधर्म आणि मानापमानाइतकंच तराईच्या उत्पन्नावर होतं.

दरबारातही एकमत नव्हतं. राजा गीर्वाणयुद्ध विक्रम शाह सतरा वर्षांचाही नव्हता. खरी सत्ता मुखत्यार भीमसेन थापा यांच्या हाती होती आणि त्यांचा कौल युद्धाकडे होता. इंग्रजांच्या हाती लागलेल्या वृत्तांतानुसार त्यांचा युक्तिवाद असा: भरतपूरचा किल्ला माणसांनी बांधलेला, तोही इंग्रजांना घेता आला नाही, मग देवानं रचलेले हे डोंगर ते काय घेणार? मराठी वाचकाला भरतपूर ओळखीचं आहे. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर त्याच किल्ल्याच्या आश्रयाला होते आणि लॉर्ड लेकचे चार हल्ले तिथं फुकट गेले. होळकर-जाटांच्या त्या झुंजीची आठवण काठमांडूत नऊ वर्षांनीही हिंमत देत होती.

पश्चिमेचे सेनापती काजी अमरसिंह थापा यांनी मात्र युद्धाला विरोध केला होता. २ मार्च १८१५ रोजी त्यांनी राजाला लिहिलेलं लांबलचक पत्र इंग्रजांनी वाटेत पकडलं, भाषांतर केलं आणि छापलं. हेन्री थॉबी प्रिन्सेप याच्या इतिहासात ते वाचायला मिळतं. त्यात तराईच्या वादग्रस्त तुकड्यावरून युद्ध ओढवून घेतल्याचा संताप आहे, आपल्याला मुलूख सोडून तह करायला लावणाऱ्यांवर राग आहे, आणि चीनच्या बादशहाकडे मदत मागण्याची योजनाही आहे. युद्ध नको म्हणणारा माणूस ते शेवटपर्यंत लढवत होता. नेपाळी बाजूचा सर्वांत जिवंत आवाज आपल्यापर्यंत पोचला तो शत्रूच्या दप्तरातून, शत्रूच्या भाषेत. ‘नेपाळी बाजू’ मांडताना हा आडपडदा विसरून चालत नाही.

मोइराच्या मनातही निरनिराळी गणितं होती. तिबेटची पश्म लोकर आणि शालींचा व्यापार त्याला खुणावत होता. गोरखे, शीख आणि मराठे एक झाले तर काय, ही धास्ती होतीच. पैसा अवधकडून आला. नवाब गाझीउद्दीन हैदर यानं कंपनीला आधी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि मग आणखी एक कोटी. पूर्वेकडून पश्चिमेकडे चार तुकड्या निघाल्या, सुमारे बावीस हजार माणसं. गोरखे त्यांच्या निम्म्याच्या आसपास होते.

सुरुवात झाली ती नालापाणीलाच. बलभद्रजवळ बायका-मुलं धरून सहाशेच्या आसपास माणसं होती. ३१ ऑक्टोबरला, युद्धाच्या रीतसर घोषणेच्या आदल्या दिवशी, गिलेस्पीनं हल्ला चढवला. वेल्लोर आणि जावाच्या मोहिमांत नाव कमावलेला हा सेनापती फाटकाजवळ गोळी लागून पडला. २७ नोव्हेंबरला दुसरा मोठा हल्ला झाला, तोही परतवला गेला. शेवटी इंग्रजांनी किल्ल्याचं पाणी तोडलं. पाण्याचा झरा तटाबाहेर होता. आत तोफांचा मारा, कुजणारी प्रेतं, तहान. ३० नोव्हेंबरच्या रात्री बलभद्र सत्तरेक माणसांसह बाहेर पडला आणि वेढ्यातून निसटला. सकाळी आत शिरलेल्या इंग्रजांना जे दिसलं, त्यानं ते हादरले. जेम्स बेली फ्रेझर यानं आपल्या १८२० च्या प्रवासग्रंथात त्या किल्ल्याची अवस्था लिहून ठेवली आहे. जखमी स्त्रिया, आई गेलेली मुलं.

इंग्रजी नोंदींत किल्ला ‘रिकामा केला गेला’. नेपाळात सांगतात, की बलभद्रनं बाहेर पडताना हाक देऊन बजावलं: किल्ला तुम्हाला जिंकता आला नाही, मी तो आपणहून सोडतो आहे. या आरोळीला त्या काळच्या कागदांचा भक्कम आधार मिळत नाही, आणि तसं स्पष्ट लिहायला हवं. पण तिच्यामागचं तथ्य खरं आहे. हल्ला करून तो किल्ला पडला नाही, तहानेनं पडला. कंपनीचे सातशेच्या वर लोक तिथं मेले किंवा जखमी झाले, म्हणजे किल्ल्यात होते त्याहून जास्त.

पुढचे दोन महिने कंपनीसाठी लाजिरवाणे गेले. १ जानेवारी १८१५ ला पर्सा आणि समनपूरची इंग्रज ठाणी गोरख्यांनी एकाच दिवशी उडवली. दोन दिवसांनी बुटवलजवळ जीतगढीपाशी उजीरसिंह थापा यांनी जनरल वुडला मागे रेटलं. जैथकला अमरसिंहांचा मुलगा रणजोरसिंह यानं मार्टिनडेलच्या तुकड्यांची दाणादाण केली. काठमांडूवर चालून जायला निघालेला जनरल मार्ली फेब्रुवारीत कुणालाही न सांगता आपली छावणी सोडून निघून गेला.

इथं दोन्ही बाजूंच्या लेखनाची एक खोड दिसते. इंग्रजी इतिहासांत मार्ली भित्रा, वुड दुबळा, गिलेस्पी उतावळा. म्हणजे आपण हरलो ते आपल्याच माणसांच्या दोषांमुळे. पश्चिमेकडच्या तुकडीचा सेनापती ऑक्टरलोनी जिंकला तो त्याच्या गुणांमुळे. दोन्हीकडे कर्ते इंग्रजच. गोरख्यांच्या वाट्याला शौर्य भरपूर येतं, पण डोकं येत नाही. लाकूड-दगडांचे मोर्चे रातोरात कुठं उभारायचे, शत्रूला कुठल्या खिंडीत येऊ द्यायचं, पूर्वेकडची दोन ठाणी एकाच पहाटे कशी गाठायची, हे कुणीतरी आखलं होतं. जॉन पेम्बल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात या डोंगरी युद्धाचा लष्करी हिशेब बारकाईनं मांडला. तेव्हा कुठं गोरखे इंग्रजी वाचकाला लढवय्यांबरोबर सेनानीही दिसू लागले.

नेपाळी लेखनाची खोड याच्या उलट टोकाची आहे. तिथं विजय वीरांचे आणि पराभव फितुरीचे. १८१६ मध्ये ऑक्टरलोनीनं चुरेघाटी टाळून अनोळखी ओढ्याच्या वाटेनं फौज वर नेली, ती वाट कुण्या घरभेद्यानं दाखवली असं सांगितलं जातं. चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्यांचा माग काढून ती सापडली, असं इंग्रजी नोंदी सांगतात. दोन्ही खरं असू शकेल. पण ऑक्टरलोनीनं पश्चिमेच्या मोहिमेत आधीच तोफा डोंगरावर चढवण्यासाठी रस्ते बांधले होते, गोरख्यांच्या मोर्च्यांची नक्कल करून आपले मोर्चे उभारले होते. तो शिकत होता, ही गोष्ट फितुरीच्या कथेत हरवते.

त्या शिकण्याचं फळ त्याला अमरसिंहांच्या मलाऊँ किल्ल्यापाशी मिळालं. १६ एप्रिल १८१५ रोजी देवथलच्या टेकडीवर सत्तरी ओलांडलेले सरदार भक्ती थापा तलवार घेऊन तोफांवर चालून गेले आणि पडले. इंग्रजांनी त्यांचं शव शालीत गुंडाळून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन बायका सती गेल्या. इंग्रजी लेखक शालीबद्दल अभिमानानं लिहितात, नेपाळी लेखक तलवारीबद्दल. त्या दोन स्त्रियांवर दोघेही एका वाक्याहून जास्त खर्च करत नाहीत. मे महिन्यात अमरसिंहांनी मलाऊँ सोडलं.

दोन बाजू एवढ्यावर पुऱ्या होतात, पण युद्ध ज्यांच्या अंगणात झालं ते या दोन्हींत नव्हते.

गढवालात ‘गोरख्याणी’ हा शब्द आजही भीतीनं उच्चारला जातो. १८०४ ते १८१५ या काळातली जबर वसुली, आणि कर न भरणाऱ्यांच्या बायका-मुलांना हरिद्वारच्या बाजारात विकणं. नेपाळी इतिहासात या वर्षांचा उल्लेख बऱ्याचदा ‘एकीकरण’ असा होतो. कुमाऊँचे कवी गुमानी यांनी गोरख्यांचा जुलूम पाहिला, त्यावर लिहिलं, आणि इंग्रज आल्यावर इंग्रजांवरही लिहिलं. राज्य बदललं म्हणून त्यांची लेखणी खूश झाली नाही.

कुमाऊँचे हर्षदेव जोशी तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. १७९० मध्ये गोरख्यांना अल्मोड्यात आणण्यात त्यांचा हात होता. मग त्यांचं गोरख्यांशी फाटलं आणि त्यांनी पुढची वर्षं परमुलखात मदत शोधण्यात घालवली. १८१५ मध्ये म्हातारे हर्षदेव इंग्रजांसोबत कुमाऊँत परतले, लोकांना त्यांच्या बाजूला वळवलं आणि त्याच वर्षी वारले. नेपाळी दृष्टीनं ते गद्दार, इंग्रजांच्या दृष्टीनं उपयोगी माणूस. कुमाऊँ हा त्यांचा स्वतःचा मुलूख होता, आणि तो त्यांना कुणाकडूनच परत मिळाला नाही. कंपनीनं कुमाऊँ थेट खालसा केलं.

ज्या तुकडीबरोबर कुमाऊँची मोहीम सुरू झाली, तिचा नायक विल्यम लिनियस गार्डनर. हा एके काळी यशवंतराव होळकरांच्या चाकरीत होता आणि तिथून जीव वाचवून निसटला होता. त्याच्या हाताखाली घाईघाईनं भरती केलेले रोहिले होते. समोरच्या गोरखा फौजेत कुमाऊँनी आणि गढवाली शिपाई होते. अल्मोडा २७ एप्रिल १८१५ ला पडलं. ‘इंग्रज विरुद्ध नेपाळी’ असं लिहिताना दोन्हीकडच्या रांगांतले हे चेहरे आठवायला हवेत.

२ डिसेंबर १८१५ ला सुगौलीला तहाचा मसुदा झाला. काठमांडूनं तो मान्य करायला टाळाटाळ केली, ऑक्टरलोनी पुन्हा निघाला, फेब्रुवारीअखेर मकवानपूरला लढाई झाली आणि ४ मार्च १८१६ ला दरबाराच्या मोहरेचा तह इंग्रजांच्या हाती आला. पश्चिमेला काली आणि पूर्वेला मेची या नद्या नेपाळच्या सीमा ठरल्या. नेपाळचा सुमारे एक तृतीयांश मुलूख गेला. ऑक्टरलोनीसाठी कोलकात्यात मनोरा उभा राहिला, तो १९६९ पासून शहीद मिनार म्हणून ओळखला जातो. १८१७ मध्ये पेशव्यांशी खडकीला तोंड लागलं, त्याच सुमारास हा ऑक्टरलोनी राजपुतान्यात राखीव फौज घेऊन उभा होता. उत्तरेची पाठ मोकळी झाल्यावर मोइराला मराठ्यांकडे वळता आलं. मराठेशाहीच्या अखेरीच्या आपल्या कहाणीत हा नेपाळी अध्याय फार क्वचित येतो.

आणि तराई? नवाबाच्या एका कोटीच्या बदल्यात कंपनीनं पश्चिमेची पट्टी त्याला देऊन टाकली. अवध खालसा झालं तेव्हा ती पुन्हा कंपनीकडे आली. १८५७ च्या उठावात नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणांनी केलेल्या मदतीबद्दल १८६० मध्ये ती नेपाळला परत मिळाली. बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर. नेपाळात तिला ‘नया मुलुक’, नवा मुलूख, म्हणतात. तिथल्या थारू शेतकऱ्यांना तो नवा नव्हता. अर्ध्या शतकात त्यांच्या शेतांचे मालक इतके बदलले, पण हे युद्ध त्यांच्या बाजूनं सांगणारा कागद दोन्हीकडच्या दप्तरांत शोधूनही विरळाच सापडतो.

कालीचं पाणीही अजून शांत नाही. तहानं ती नदी सीमा म्हणून नेमली, पण डोंगरात तिचा उगम कुठल्या ओढ्यापासून धरायचा हे लिहिलं नाही. २०१९ मध्ये भारतानं नवा नकाशा काढला, २०२० मध्ये नेपाळनं लिपुलेख-लिंपियाधुराचा भाग आपल्या नकाशात घेतला आणि संविधानात तशी दुरुस्ती केली. दोन्ही राजधान्या आपापली जुनी कागदपत्रं पुढे करतात आणि दोन्हीकडे ती आहेत.

बलभद्र लाहोरला गेला. १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत, रणजितसिंहांच्या बाजूनं अफगाणांशी लढताना, तो पडला. लाहोरला चाकरीला जाणारा तो ‘लाहुरे’. परक्या फौजेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला नेपाळीत आज हाच शब्द आहे. गोरखा फौजेतले काही शिपाई तर युद्धाच्या वर्षांतच कंपनीच्या नव्या पलटणींत भरती झाले: सुबाथूच्या नसिरी, फ्रेडरिक यंगची सिरमूर बटालियन, अल्मोड्याची कुमाऊँ बटालियन. पहिल्या भरतीत गढवाली आणि कुमाऊँनी भरपूर होते, पण सर्वांना मिळून ‘गुरखा’ हे एकच नाव चिकटलं. सिरमूर बटालियनचं ठाणं पुढे डेहराडूनलाच पडलं.

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस डेहराडूनमध्ये खलंगाचा मेळा भरतो. तिथं जमणारे गोरखाली भारतीय नागरिक आहेत. अनेकांचे खापरपणजोबा त्याच पलटणींत होते, ज्या या टेकडीखाली लढलेल्या कंपनीनं उभारल्या. खुकुरीचे नाच होतात, बलभद्रला फुलं वाहिली जातात. मेळ्याला गढवाली शेजारीही येतात, ज्यांच्या घरात आजीनं गोरख्याणीच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. वर सालाच्या जंगलात किल्ल्याची जागा आहे. तट इंग्रजांनी पाडून टाकला. कमानीवर आणि पत्रिकेवर नाव मात्र ‘खलंगा’ असं लिहिलेलं असतं.